लक्ष्मणजींची जीभ

मागच्या महिन्यात नातवाने पुण्याहून कॉफीची एक पुडी आणली. तिच्यावर केनियातील न्येरी या डोंगराळ मुलखाचे नाव छापले होते, आणि खाली बारीक अक्षरांत चवीचे वर्णन होते. "आजोबा, ही एकाच डोंगरावरची. हिच्यात दुसरी कुठलीच मिसळलेली नाही," असे तो मला समजावू लागला. मी आवाज करून एक घोट ओढला, क्षणभर जिभेवर ठेवला आणि म्हटले, "जांभूळ. पिकायला दोन दिवस उरलेले." त्याने पुडी उलटून पाहिली आणि माझ्याकडे पाहत राहिला.

न्येरीची कॉफी मी विशी-पंचविशीत चाखली होती, तीही झाडीपट्टीतल्या एका खेड्यात, मातीच्या वाटीतून. चाखवणारे गृहस्थ लक्ष्मणजी बोरकुटे.

गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. सिंदेवाहीहून बैलगाडीने अर्धा दिवस गेले की धानाच्या बांध्या विरळ होत आणि जंगल सुरू होई. त्या सीमेवर आमचे गाव होते. मी वऱ्हाडातून तिथे एकशिक्षकी शाळेवर गेलो. गावच्या टपालाचे कामही शिक्षकाकडेच असे. माझे बिऱ्हाड, शाळेचे दप्तर आणि टपालाची पेटी एकाच खोलीत होती. ही खोली गावाने दिलेली, आणि देताना अट एकच होती: माळ्यावर मोहफुलांच्या टोपल्या राहतील. गावातली सर्वांत कोरडी जागा तीच होती. चैत्रात वेचून वाळवलेली फुले वर्षभर तिथे असत. तो गोड, जड, किंचित आंबूस वास माझ्या अंथरुणाला, पुस्तकांना आणि हजेरीपटालाही येई. पहिल्या वर्षी डोके दुखे. दुसऱ्या वर्षी मला तो वास येईनासा झाला.

लक्ष्मणजी गावचेच. तरुणपणी नागभीडच्या स्थानकावर कोणा कंत्राटदाराच्या हाताखाली लागले, तिथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने पूर्व आफ्रिकेला गेले. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी नावाचे गाव आहे. तिथल्या कॉफीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षे काढली. पत्नी तिकडेच वारली. तिच्या अस्थी वैनगंगेत सोडण्यासाठी ते परत आले आणि परत गेले नाहीत. मी गेलो तेव्हा ते पंचावन्नच्या आसपास असावेत. उंच, कोरडे, कमी बोलणारे. पायांत कायम बूट. गावात बूट घालून फिरणारे ते एकटेच होते. नांगरामागे जातानाही ते काढीत नसत. गाव त्यांना 'मोशीवाले भाऊ' म्हणे, आणि त्यांच्याशी फारसे बोलत नसे.

त्यांची माझी ओळख टपालामुळे झाली. वर्षातून एकदा त्यांच्या नावे जाड कापडात शिवलेली शेरभराची पिशवी येई. पाठवणाऱ्याच्या जागी मुंबईच्या एका कच्छी व्यापाऱ्याचा पत्ता. आत हिरव्या-करड्या, न भाजलेल्या बिया. सोबत चिठ्ठी नसे. पहिली पिशवी मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली. त्यांनी ती कानाशी हलवली, हुंगली आणि मला म्हणाले, "बसा मास्तर. जाऊ नोका. चाखाले दुसरं तोंड पाह्यजे."

त्यांच्याकडे मैनाबाई मडावी नावाची गोंड बाई स्वयंपाकाला येत असे. तिने खापर तापवले. लक्ष्मणजींनी मूठभर बिया त्यात टाकल्या आणि मान तिरकी करून ऐकत बसले. बिया तडतडू लागताच त्यांनी खापर उतरवले. मग उखळात भरड कुटली, तीन वाट्यांत चमचा-चमचा घातली, वरून कढत पाणी ओतले आणि आम्हाला बोलायची बंदी केली. वर भरडीची जाड साय धरली. त्यांनी चमच्याच्या पाठीने ती मोडली, नाक वाटीत घातले, आणि नंतर जे केले त्याने मी दचकलो. त्यांनी चमचाभर पाणी असा सणसणीत आवाज करून ओढले की दारातले कुत्रे उठून उभे राहिले. घोट तोंडात फिरवला आणि अंगणात थुंकला.

"प्याचं नाई काय?" मी विचारले.

"प्याचं मंग. आदी ओळखाचं."

मैनाबाई म्हणाली, "गुरुजी, दोन साल झाले मी हे पाहून राह्यली. भाऊ जळकं पानी करते, अन् थुकून टाकते. आमाले नाई देत, कुत्र्याले नाई देत."

"तुले देल्लं होतं. तूच म्हणली का कडू हाये, दूध टाका."

"मंग काय चुकली? गूळ-दूध टाकलं तं मानसाच्या प्याचं तरी होईन."

लक्ष्मणजींनी चमचा माझ्याकडे दिला. मला फक्त कडू लागले. त्यांनी पुन्हा ओढायला लावले, पाणी कोमट झाल्यावर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी जिभेच्या कडेला काहीतरी हलले. "लिंबाचं पान," मी भीतभीत म्हटले, "आणि मागून गूळ." त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. "मोशी," ते म्हणाले. "किलिमांजारोच्या उतारावरची. थो मोशीलेच हाये."

'थो' म्हणजे त्यांचा मुलगा मधुकर. तो एका कॉफीच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. आईच्या मृत्यूनंतर बापलेकांत वाद झाला होता. बापाचे म्हणणे होते की आता गावी परतावे; मुलाचे म्हणणे होते की त्याचे गाव मोशी हेच. शेवटी कोण काय बोलले ते मला लक्ष्मणजींनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मुलाने पत्र लिहिले नाही. "त्यानं लिवलं तं मी लिवीन," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत चार वेळा ऐकले. पिशवी मात्र दर वर्षी येई. मुलगा व्यापाऱ्यासाठी डोंगरोडोंगरी माल पाहत हिंडतो आणि जिथे असेल तिथली मूठ पाठवतो, असे लक्ष्मणजींनी धरले होते. चव हाच त्यांना मुलाचा पत्ता होता.

ही विद्या त्यांनी कशी मिळवली ते त्यांनी एकदा सांगितले. कारखान्यात चव पाहणारा एक गोरा साहेब होता. गोल फिरत्या मेजावर तीस पेले मांडलेले असत. साहेब मेज फिरवी, ओढी, थुंके आणि कारकुनाला शब्द सांगे. लक्ष्मणजींचे काम पेले विसळण्याचे. मेजाला बसण्याची त्यांना परवानगी नव्हती. साहेब गेला की विसळण्याआधी ते प्रत्येक पेल्यातला गार घोट चाखत आणि कारकुनाच्या वहीतला शब्द आठवत. "बावीस साल उष्टं चाखलं मास्तर," ते म्हणाले. सांगताना त्यांना लाज वाटली नाही आणि अभिमानही वाटलेला दिसला नाही.

दोन पिशव्यांतल्या बिया त्यांनी कधी एकत्र केल्या नाहीत. एकदा मैनाबाईने फडताळ आवरताना न्येरीची उरलेली मूठ मोशीच्या डब्यात ओतली. लक्ष्मणजी रागावले नाहीत. सूप घेऊन उजेडाला बसले आणि तीन दिवस एकेक बी निवडून वेगळी करीत राहिले. मी शाळा सुटल्यावर गेलो तेव्हा म्हणाले, "दोन गावचे मानसं हायेत. एका खाटीवर कसे निजवाचे?" मैनाबाई चुलीपाशी पुटपुटली, "पोरगी पाहाले गेले असते तं इतकं निवडलं नसतं."

न्येरीच्या पिशवीचे वर्ष वाईट गेले. पहिल्याच घोटाला जांभळाचा तुरटपणा आला आणि लक्ष्मणजींचा चेहरा उतरला. केनियाच्या डोंगरांत त्या काळी गोळीबार आणि धरपकड चालली होती. माझ्याकडे चार दिवस शिळे वर्तमानपत्र येई. लक्ष्मणजी रोज संध्याकाळी येत, दारातच उभे राहत आणि विचारत, "काई हाये काय तिकडचं?" बहुधा काही नसे. मी नाही म्हटले की ते वळून जात. असे आठ महिने चालले. पुढच्या वर्षीची पिशवी आली. तिला भाजलेल्या तिळाची आणि ओल्या मातीची जड चव होती. "बुगिशू. युगांडाचा डोंगर," ते म्हणाले. "सुटला तिथून." त्या दिवशी त्यांनी वाटी न थुंकता संपवली.

त्याच संध्याकाळी त्यांनी हरारविषयी सांगितले. मधुकर आठ वर्षांचा असताना बापलेकांचा एक खेळ होता. सगळ्या डोंगरांची कॉफी चाखायची: आधी मोशी, मग न्येरी, मग बुगिशू, आणि सर्वांत शेवटी हबसाणातल्या, म्हणजे इथिओपियातल्या, हरारची, कारण ती सर्वांत जुनी. "हरार चाखली का समदं पाहून झालं. मंग जहाजात बसाचं अन् आपल्या गावाले जाचं. असं पोराले मीच सांगितलं होतं." हरार त्यांनी स्वतः एकदाच चाखली होती. एका अरब व्यापाऱ्याचा नमुना मोशीला आला होता, त्याचा पेल्यातला उरलेला एक चमचा. वहीतला शब्द त्यांना पाठ होता: रानटी, गोड, किंचित आंबलेली. "पोरगं क्रमानं चाललं हाये," ते बोटे मोजून म्हणाले. "मोशी, न्येरी, बुगिशू. आता एकच राह्यली."

पुढच्या वर्षी माघात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेसाठी ते नागपूरला गेले आणि दोन महिने तिकडे राहिले. फाल्गुनात पिशवी आली. टपालाची पेटी भरलेली होती, म्हणून ती मी माळ्यावर, टोपल्यांच्या मधोमध ठेवली. चैत्र लागला. गावाने मोह वेचला, आणि ऐन उन्हाळ्यात अर्धवट वाळलेल्या फुलांच्या नव्या टोपल्या माझ्या डोक्यावर रचल्या गेल्या. एक टोपली पिशवीवरच बसली. मला वास येत नव्हता हे मी आधी सांगितले आहे.

वैशाखात लक्ष्मणजी परतले. डोळ्यांवर काळा चष्मा. वाचण्याचा चष्मा मिळायला अजून अवकाश होता. मी पिशवी नेऊन दिली. खापर तापले, बिया तडतडल्या, पाणी पडले. त्यांनी घोट ओढला. थुंकले नाहीत. पुन्हा ओढला. चमचा वाटीत ठेवला.

"हरार," ते म्हणाले.

मी चमचा घेतला. तळाशी भाजलेले तीळ आणि ओली माती होती. त्यावर माझ्या अंथरुणाचा वास होता.

मैनाबाईने कधी नव्हे ते बोट बुडवून चाटले. "अगा भाऊ, हे तं मोहावानी लागते!"

"लागनच," लक्ष्मणजी म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "रानटी, गोड, आंबलेली. हरार अशीच राह्यते मैनाबाई. सारं पाहून झालं पोराचं." मग माझ्याकडे तोंड करून, "काऊन मास्तर? बोला नं."

मी म्हटले, "वेगळी आहे."

एवढेच बोललो. सत्य त्याच वेळी सांगायला हवे होते, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. माळ्याखाली, टोपल्यांच्या खालीच बसले. "लिवा मास्तर. माह्या डोळ्याले दिसत नाई. मधुकरले पत्र लिवाचं हाये."

"त्याने लिहिल्यावर लिहायचे ठरले होते ना?"

"त्यानं लिवलं नं. हरार पाठोली. याच्याहून अजून काय लिवाचं असते?"

मी लिहिले. हरार पोचली. खेळ तुझ्या लक्षात राहिला. घर शाकारून घेतो. पूर्वेची खोली तुझी. आईच्या अस्थी कुठे सोडल्या ते तुला दाखवीन. झाले गेले माझ्याकडून संपले. ये. हा शेवटचा शब्द त्यांनी दोनदा सांगितला आणि मी एकदाच लिहिला. त्यांनी चाचपडत सही केली. पत्र मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत जायचे होते. लक्ष्मणजी गेल्यावर मी शिक्का हातात घेऊन बराच वेळ बसलो. आता जाऊन सांगावे, तर हा माणूस पत्र फाडील आणि पुन्हा कधी लिहिणार नाही. न सांगावे, तर ज्या आधारावर ते लिहिले तोच खोटा. बाहेर टपाल नेणारा आला आणि त्याने हाक दिली. मी शिक्का मारला.

त्या उन्हाळ्यात लक्ष्मणजी बोलके झाले. छप्पर शाकारले, विहिरीतला गाळ काढला, मोठ्या माणसाला पुरेल अशी खाट विणून घेतली. ज्या घरांशी परतल्यापासून बोलले नव्हते त्यांच्या दारांत उभे राहून सांगू लागले की मुलगा येतो आहे. लोक मला विचारीत, "खरंच येते काय जी मोशीवाल्याचा पोरगा?" मी म्हणे, पत्र गेले आहे.

मुलाचे उत्तर भाद्रपदात आले. मी ते घेऊन गेलो. वाचण्याचा चष्मा आला होता, पण ते म्हणाले, "तुमीच वाचा. तुमीच लिवलं होतं." मी पाकीट फोडले आणि आधी मनात वाचले. काही वाक्ये गाळता आली असती. एकदा खोटेपणा करून झाला होता. मी जसेच्या तसे वाचले.

"बाबांस नमस्कार. पत्र पोचले. मी हरारला गेलो नाही. न्येरीला, युगांडालाही गेलो नाही. तुम्ही गेल्यापासून मोंबासा बंदराच्या गोदामातच आहे. मुंबईचा माल निघतो तेव्हा जे पोते उघडे असेल त्यातून पिशवी भरून देतो. यंदाची बुगिशूचीच असावी. तो खेळ मला आठवत नव्हता, तुमच्या पत्रावरून आठवला. यायचे कसे जमेल ते सांगता येत नाही. डोळे जपा. मधुकर."

लक्ष्मणजी म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले. मैनाबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली.

"गोदामातच होता मनजे," ते म्हणाले. मग, "अन् मी आठ महिने तुमच्या दारात उभा राह्यलो."

तेव्हा मी त्यांना मोहाच्या टोपल्यांचे सांगितले. सगळे, क्रमाने. ते ऐकत होते. संपल्यावर विचारले, "तुमाले त्याच दिवशी समजलं होतं?"

"हो."

"मैनाबाईले समजलं, तुमाले समजलं. माह्याच जिभेले नाई समजलं." ते उठले, बूट घातले. दारात थांबून म्हणाले, "बोलले असते तं पत्र नसतं गेलं." हे त्यांनी कोणत्या अर्थाने म्हटले ते मला अजून ठरवता आलेले नाही. ते बांधीकडे निघून गेले. मी पत्राची घडी घालून फडताळावर ठेवली.

त्यानंतर त्यांनी चाखणे सोडले. तीन वाट्या मैनाबाईने मिठाला आणि तिखटाला घेतल्या. उलट पत्र लिहायला ते आले नाहीत. पूर्वेच्या खोलीत धानाची पोती रचली. खाट मात्र तिथेच राहिली, पोत्यांच्या मागे.

मार्गशीर्षात माझी मूल या गावी बदली झाली, आणि त्याच आठवड्यात नेहमीपेक्षा तीन महिने आधी पिशवी आली. मी ती खोलीत आत नेलीच नाही. टपालवाल्याच्या हातातून घेऊन तशीच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती न हुंगता मैनाबाईकडे दिली.

निघण्याच्या सकाळी मी निरोप घ्यायला गेलो. अंगणात पाच-सहा शेजारी बसले होते. मोठ्या गंजात दूध, गूळ आणि त्या बियांची भरड एकत्र उकळत होती. मैनाबाई ओगराळ्याने पेले भरत होती. "घ्या गुरुजी, आता मानसाच्या प्याचं झालं," ती म्हणाली. लोक फुंकून पीत होते, आणखी मागत होते. लक्ष्मणजी त्यांच्यातच बसले होते. हातात पेला होता, आणि इतरांप्रमाणेच ते पीत होते.

मी पेला घेतला. सवयीने आवाज करून ओढला. दूध आणि गूळ बाजूला सरले, आणि खाली काही लागले. ती मोशी नव्हती. न्येरी नव्हती. बुगिशूही नव्हती. गोड होते, आणि कडेला आंबूसपणा होता. मोहाचा त्या पिशवीशी या वेळी संबंध आलेला नव्हता, हे मला खात्रीने माहीत होते. हरार मी तोवर कधी चाखली नव्हती, हेही तितकेच खरे.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते.

"लक्ष्मणजी, ही..."

"नोका सांगू मास्तर," ते म्हणाले.

मी उरलेले प्यालो. मैनाबाईने पेले गोळा करायला हात पुढे केला, पण लक्ष्मणजींनी ते तिच्याकडून घेतले आणि विहिरीवर गेले. माझी गाडी जुंपून उभी होती. ती कुंपणावरून वळली तेव्हा ते पाठमोरे वाकून पेले विसळीत होते. प्रत्येक पेला विसळण्याआधी ते एक क्षण थांबत होते. ते विसळण्यापूर्वी पेला तोंडाशी नेत होते की नाही, हे त्या अंतरावरून मला दिसले नाही.